चुकीची किंमत कोण देतो?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की ज्याचे पाऊल चुकते त्याच्याच बोटाला ठेच लागते. वाटेवर हे खरे आहे, आणि शेतातही बहुतांशी खरे आहे. डहाणू व तलासरी या भागांतील शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो. पालापाचोळा कमी पडून राब नीट भाजला गेला नाही, तर वाफ्यात तण माजते, रोप हडकुळे येते, आणि त्या चुकीचे फळ तो त्याच पावसाळ्यात आपल्या डोळ्यांनी पाहतो. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. ते नीट सांधले नाही, तर ज्याने बांधले त्याच्याच डोळ्यांदेखत ते वाळते. अशा चुका आपल्या धन्याचे घर बरोबर ओळखतात. त्या दारी येऊन बसतात, आणि मनुष्य शहाणा होतो तो काही मोठ्या सद्गुणामुळे नव्हे. नुकसान पदरात पडल्यावर त्याला दुसरा इलाजच उरत नाही.

परंतु शाळेत ही म्हण उलटी होते. तेथे पुढे शिक्षक चालतो व मागून मूल चालते. पाऊल चुकते पुढच्याचे, आणि ठेच लागते मागच्यास. शिक्षकाने हिशेब वाईट रीतीने शिकविला, म्हणून त्या महिन्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. मूल मात्र वीस वर्षांनी दुकानदाराने किंवा मुकादमाने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करते, कारण तो तपासून पाहण्याचे बळ त्याच्या अंगी आलेलेच नसते. तोपर्यंत शिक्षकाची बदली होऊन गेलेली असते, कदाचित तो निवृत्तही झालेला असतो. आपण त्या मुलाला काय दिले नाही हे त्याला कधीच कळत नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की ज्याला ठेच लागत नाही त्याने शहाणे कसे व्हावे? चुकांतून मनुष्य शिकतो, असे आपण मुलांना नेहमी ऐकवितो. बक्षीस समारंभाच्या दिवशी तर हे वाक्य हमखास कानी पडते. हाच उपदेश थोडा वेळ मुलांकडून काढून घेऊन जे शिकवितात त्यांच्यापुढे ठेवून पाहावा, असे मनात आहे. शिकविणारे म्हणजे केवळ सरकारी शाळेतील गुरुजी नव्हेत. अंगणवाडीच्या ताई, शब्बाथशाळा चालविणारे, पाड्यापाड्यांतून फिरणारे आपले उपदेशक बंधू, आणि चुलीपाशी बसून लेकराला शंभरापर्यंत आकडे म्हणावयास लावणारी आई, ही सर्व मंडळी यात आली.

प्रथम मुलाच्या चुकीकडेच पाहू. दुसऱ्या इयत्तेतील मुलाला ‘तेवीस लिही’ असे सांगितले, आणि त्याने पाटीवर ३२ लिहिले. शिक्षक म्हणतो, याचे लक्ष नाही. वस्तुतः त्याचे लक्ष पुरेपूर होते. ‘तेवीस’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात व वीस मागून. जे आधी ऐकले ते त्याने आधी लिहिले, जे मागून ऐकले ते मागून लिहिले. आपल्या भाषेत दशकाचे नाव एककाच्या मागून येते, पण लिहिताना मात्र दशक डावीकडे आधी मांडावे लागते, ही अडचण मोठ्यांच्या अंगवळणी पडून गेल्यामुळे त्यांना दिसेनाशी झालेली असते. ‘एकोणतीस’चे तर याहून कठीण. त्यात नऊ कोठेच ऐकू येत नाहीत, दोन वीसही ऐकू येत नाहीत. ऐकू येतात ते तीस. मग मूल ३९ लिहिते. त्या चुकीत आळस नाही, तर्क आहे. कानाने जे सांगितले ते हाताने केले.

इ. स. २०१९ च्या जून महिन्यात ह्याच गोष्टीवरून महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली, ती वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात तेवीस, बत्तीस ह्यांच्या जोडीला ‘वीस तीन’, ‘तीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली होती. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी त्यामागील कारण स्पष्ट केले होते: लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामे अवघड जातात, बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने त्यांचा गोंधळ होतो, आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत. तरीही वर्तमानपत्रांतून चेष्टा झाली, विधिमंडळातही विनोद झाले. नवी रीत चांगली की वाईट, ह्याचा निवाडा प्रस्तुत लेखात करावयाचा नाही; त्याविषयी जाणत्या माणसांचे मतभेद आहेत. ध्यानात घेण्याजोगे एवढेच की कोणीतरी मुलांच्या चुका जमवून पाहिल्या, त्यांत एक सारखेपणा पाहिला, आणि मुलाला दटावण्याऐवजी शिकविण्याच्या रीतीत काही चुकते आहे काय असा प्रश्न विचारला. ह्या प्रश्नाचे आपल्याला एवढे हसू का यावे?

पाटी पुसावयाची घाई करू नये. पाटीवर चूक झाली की ‘पूस, पूस’ म्हणून आपण ओरडतो व मूलही भिऊन थुंकी लावून ती पुसून टाकते. त्याबरोबर मुलाच्या मनात काय चालले होते ह्याचा एकुलता एक पुरावाही पुसला जातो. सर्वच चुका काही अशा विचार करण्यासारख्या नसतात. आळसाच्या, घाईच्या, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावून केलेल्या चुकाही असतात, आणि अनुभवी शिक्षकाला त्या लांबून ओळखू येतात. पण त्या ओळखण्यासाठीसुद्धा आधी पाटी पाहावी लागते.

इटली देशातील डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्या बाईंनी इ. स. १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे. त्यात दहा भोके व दहा दट्टे असतात, आणि प्रत्येक दट्टा आपापल्या भोकातच नीट बसतो. मुलाने एक दट्टा चुकीच्या भोकात घातला, की शेवटी एखादा दट्टा हातात उरतो व तो कोठेच बसत नाही. मग मूल स्वतःच सगळे काढून पुन्हा मांडते. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. चूक साधनच दाखविते, आणि तीही लगेच व अपमान न करता दाखविते. मुलांना चुकांतून शिकता यावे ह्यासाठी मनुष्याने ज्या युक्त्या काढल्या त्यांत ही फार मोलाची आहे.

आता शिक्षकासाठी असा ठोकळा कोठे आहे? त्याच्या हातात उरणारा, कोठेच न बसणारा दट्टा कोणता?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच डहाणू तालुक्यात घडलेले आहे. बोर्डी व कोसबाड येथील ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांची नावे पुष्कळांना ठाऊक आहेत; त्यांचा गौरव झाला, पुरस्कार मिळाले, शाळांच्या भिंतींवर त्यांच्या तसबिरी लागल्या. गौरवाने कधी कधी असे होते की माणसाने काय केले हे राहते व कसे केले हे विसरले जाते.

ताराबाईंचा जन्म इ. स. १८९२ चा. भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, पुढे १९३६ मध्ये मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. इ. स. १९४५ मध्ये त्या बोर्डीस आल्या तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. बालशिक्षणात त्यांचा अधिकार सर्वमान्य होता, पद्धत सिद्ध झालेली होती, आणि शहरातील सुशिक्षित घरांतील मुले त्या पद्धतीने आनंदाने शिकत होती. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झालेली ही मुलगी पुढे शिकून शिक्षिका झाली होती, व त्या वर्षी ३५ वर्षांची होती. ह्या दोघींनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून बालवाडी चालू केली.

बालवाडी उघडली, पण ज्या मुलांसाठी विशेष करून ती उघडावयाची, ती वाड्या-पाड्यांवरची दरिद्री मुले येईनात.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण शाळा काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो आणि बहुतेक जण येथेच घसरतात. अशा वेळी तोंडाशी येणारे उत्तर तयारच असते: ह्या लोकांना शिक्षणाची गोडी नाही, आईबाप अडाणी आहेत, मुले रानटी आहेत. ह्या उत्तराचा मोठा गुण असा की त्याने शिकविणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही. पद्धत बरोबर, इमारत बरोबर, वेळ बरोबर. चुकीची आहेत ती फक्त माणसे. शिवाय ताराबाईंसारख्या ज्ञानी व नावाजलेल्या व्यक्तीला तर असे म्हणण्याचा मोह अधिक व्हावा. ज्याने काहीच मिळविलेले नाही त्याला आपली चूक मानणे सोपे. वीस वर्षे खपून जे उभे केले ते ह्या अंगणात लागू पडत नाही, असे पन्नाशी उलटल्यावर म्हणणे फार कठीण.

आणि त्या वर्षी मुलांच्या न येण्याची कारणे शोधावयाची म्हटली तर ती लपलेली नव्हती. त्याच १९४५ च्या मे महिन्याच्या २३ तारखेस तलासरीकडील झरी गावी हजारो वारल्यांची सभा भरली होती. गोदावरी व शामराव परुळेकर ह्या दांपत्याच्या व किसान सभेच्या प्रयत्नाने भरलेल्या त्या सभेत वेठ करावयाची नाही असा निश्चय झाला. तोपर्यंत ह्या भागातील वारली जमीनदाराच्या बांधावर फुकट राबत असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराची लग्नगडी होऊन राहत. ज्या पाड्यावर पांढऱ्या कपड्यातील मनुष्य येतो तो एक तर सावकाराचा, नाही तर जंगल खात्याचा, नाही तर पोलिसांचा, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, त्या पाड्यावरील लेकरू स्वच्छ लुगडे नेसलेली बाई पाहून झोपडीत पळाले, तर त्याला बुजरे म्हणावयाचे की शहाणे? त्या लेकराने आजवर घेतलेल्या शिक्षणाप्रमाणे त्याचे उत्तर बरोबरच होते.

ताराबाई व अनुताई ह्यांनी रिकाम्या जागेकडे त्या ठोकळ्यातील उरलेल्या दट्ट्याप्रमाणे पाहिले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे. म्हणून साधने पिशवीत घालून पाड्यावर जावयाचे, झाडाखाली किंवा कोणाच्या अंगणात मुले जमवावयाची, त्यांची तोंडे धुवावयाची, नखे काढावयाची, गाणी म्हणावयाची, गोष्टी सांगावयाच्या. ह्यालाच अंगणवाडी हे नाव पडले. विलायती धर्तीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती; तेव्हा शिंपले, बिया, पाने, माती, बांबू ह्यांतून साधने तयार झाली. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी टाकले नाही, लाकूड तेवढे टाकले.

पुढे १९५७ च्या सुमारास हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले, आणि तेथेही रिकामी जागा बोलतच राहिली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, का? कडेवर धाकटे भावंड असते. आई मजुरीला जाते, त्याला कोण पाहणार? तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली, म्हणजे भावंड पाळण्यात व ताई वर्गात. मुलगे येत नाहीत, का? ते गुरे राखतात, आणि गुरे घरी बांधून ठेवता येत नाहीत. तर शिक्षकाने कुरणावर जावे, गुरे चरत असता मुलांना तेथेच शिकवावे. ती कुरणशाळा. ह्या प्रत्येक वेळी चूक दाखविणारा गुरू कोण होता? न आलेले मूल. त्याने अर्ज केला नव्हता, तक्रार सांगितली नव्हती. ते फक्त आले नव्हते.

अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेले. इ. स. १९७५ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेस भारत सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, व आज गावोगावी अंगणवाडीच्या पाट्या दिसतात. तेथे मुलांना आहार मिळतो, वजन घेतले जाते, लस टोचली जाते. हे सर्व उत्तम आहे आणि त्यासाठी भिंती व छप्पर लागतेच. अंगण जाऊन खोली आली म्हणून कोणी रडण्याचे कारण नाही. ज्या पायांनी त्या दोघी अंगणापर्यंत गेल्या ते पाय मात्र खोलीबरोबर आपोआप मिळत नसतात.

कोणी आक्षेप घेईल की हे सर्व पाप शिक्षकाच्याच माथी का? दारिद्र्य त्याने निर्माण केले नाही, वेठ त्याने लावली नाही. शाळेने वेठ मोडलीही नाही, ती वारल्यांनीच मोडली. आक्षेप रास्त आहे. तथापि येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. दोष कोणाचा, हा एक प्रश्न. आणि पाऊल कोणाला बदलता येईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा निकाल लावीत बसले तर शिक्षक आईबापांकडे, आईबाप सरकारकडे, सरकार मागील सरकारकडे बोट दाखवील, आणि दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधण्यात सगळ्यांचा दिवस सुखाने जाईल. दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा स्वच्छ उत्तर असते. सहा वर्षांच्या पोरीला कडेवरचे भावंड खाली ठेवता येत नाही. उचल घेतलेल्या बापाला भट्टीवर जाणे टाळता येत नाही. ज्याला आपली वेळ, आपली जागा, आपली रीत थोडीफार हलविता येते तो शिक्षक आहे. जी चूक आपल्याला दुरुस्त करता येते ती, दोष कोणाचाही असो, आपली म्हणून हाती घ्यावी. शिकणे तेथून सुरू होते.

ही गोष्ट नवीन आहे असेही नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले ह्यांनी इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारला हेच सांगितले होते: वरच्या वर्गांना शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हा समज खोटा ठरला आहे, तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. सर्व मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने केला तो २००९ मध्ये. मध्ये १२७ वर्षे गेली. त्या चुकीची ठेच ज्यांना लागली त्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत, आणि ज्यांनी चूक केली त्यांना तर ती कधी बोचलीच नाही.

त्या २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागे ठेवावयाचे नाही असे कलम होते. पुढे २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवीच्या व आठवीच्या वर्षी परीक्षा घेण्याची व नापास करण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. ह्यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. एक पक्ष म्हणतो, नापास केल्याशिवाय मूल शिकणार नाही. दुसरा म्हणतो, नापास केले तर मूल शाळाच सोडील. आमच्या मते दुसऱ्या पक्षाची भीती पाड्यावरील मुलांच्या बाबतीत अधिक खरी आहे. पण खरे म्हणावयाचे तर, ज्या वर्गात ३२ का लिहिले हे कोणी विचारीत नाही, त्या वर्गात पास काय आणि नापास काय! एकात चूक झाकली जाते, दुसऱ्यात ती कपाळावर चिकटविली जाते, आणि दोहोंतही ती वाचलेली नसते.

दिवाळी होऊन भात झोडले गेले की आजही डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा इकडील कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि पाऊस जवळ आल्यावर परत येतात. मुले बरोबर जातात. त्यांच्यासाठी ठाणे जिल्ह्यात विधायक संसद ह्या संस्थेने भट्ट्यांवरच शाळा काढल्या होत्या. मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून त्यांना भोंगाशाळा हे नाव मिळाले. तीही कोसबाडचीच वाट, फक्त कुरणाच्या जागी भट्टी.

अशा पाड्यावरील शाळेचा जानेवारी महिन्याचा हजेरीपट उघडून पाहावा. ज्या नावांपुढे ओळीने गैरहजेरीची खूण पडत गेली आहे ती नावे एका कागदावर उतरून घ्यावी व संध्याकाळी पाड्यावर जावे. मागे म्हातारी माणसे राहिलेली असतात. पोर कोणत्या गावच्या भट्टीवर आहे, कोणाबरोबर गेले, कधी परतणार, हे आजीला बहुधा ठाऊक असते, आणि विचारले तर ती सांगते.